मास्तराचं बिनपगारी वरीस

तंबाखूच्या वखारीत दिवसभर बसून घरी आलं की अंगरखा दारातच झटकायचा असतो. कितीही झटका, दुसऱ्या दिवशी घडीतनं पुन्हा भुगा निघतोच. किश्शांचं तसंच हाय. मी शाळेत अकरा वर्षं काढली. तिथलं सांगण्यासारखं काय विचाराल तर दोन गोष्टी आठवतील, आणि त्यातली एक घंटा चोरीला गेल्याची. पण बाजारातलं पहिलं एकच वरीस सांगायला बसलो तर चहा तीनदा करावा लागतो.

तुम्ही सगळे विचारता, मास्तर, पेन्शनीची नोकरी सोडून ह्या शिंकांच्या बाजारात कसे काय आलात? सरळ उत्तर मला अजून जमलेलं न्हाय. जे घडलं ते सांगतो, उत्तर तुमचं तुम्ही काढा. आणि मास्तर असून असं कसं बोलतो म्हणून नाक मुरडू नका. शुद्ध मराठी मी शाळेच्या कपाटात ठेवून आलोय, किल्ली हेडमास्तरांकडं हाय.

* * *

मी मूळचा राधानगरीकडचा. निपाणीच्या मराठी शाळेत मास्तरकी मिळाली म्हणून इकडं आलतो. निम्मं गाव कानडी बोलायचं आणि मला कानडी दोनच शब्द यायचे. एक 'गोत्तिल्ला', म्हणजे ठाऊक न्हाय. आणि दुसरा पुन्हा 'गोत्तिल्ला'.

शाळेच्या पलीकडं अण्णाप्पांची तंबाखूची वखार. जैन माणूस, घरात कानडी, बाजारात मराठी, आणि रागावले की दोन्ही. आयुष्यभर तंबाखू विकली, पण चिमूटभर कधी तोंडात टाकली न्हाय. मुंबईच्या विडीवाल्यांची पत्रं यायची, ती वाचायला आणि उत्तरं लिहायला रविवारी मला बोलवायचे.

एका रविवारी वखारीत माल चाळायचं काम चाललं होतं. हमाल शिंकत होते, बायका शिंकत होत्या, अण्णाप्पा तर एकेक शब्द दोन शिंकांच्या मधी बसवत होते. मी आपला निवांत पत्र लिहितोय. ते माझ्याकडं बघतच राहिले.

"मास्तर, तुमी शिंकत न्हाय?"

"अण्णाप्पा, अकरा वर्षं खडू खाल्लेलं नाक हाय. ह्याला आता काय व्हतंय?"

त्यांनी दोन ढिगांतल्या दोन मुठी माझ्या नाकापुढं धरल्या. मी वास घेतला आणि म्हटलं, "हा पहिल्या बाकावरचा. आणि हा शेवटच्या." अण्णाप्पांनी माझ्या हातातलं पत्र काढून घेतलं. म्हणाले, "आमची निम्मी दुपार शिंकण्यात जाती. तुमी इथं बसा. पगारावर न्हवं, भागीत बसा."

मी घरी येऊन सांगितलं. सोना, म्हणजे आमची मंडळी, भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, "वरीसभर बघा. मग मी सांगते."

"काय सांगणार?"

"ते वरीस झाल्यावर."

तिचे वडील मात्र वरीस थांबणारे न्हवते. कोल्हापूर दरबारात कारकुनी करून पेन्शनीत बसलेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. पुढच्याच सर्व्हिस मोटारीनं आले आणि पायावर पाणी घ्यायच्या आधी बोलले, "जावईबापू, एक तारखेला आयता पगार हातात पडतोय. आयता! त्यो सोडून तुमी पानं हुंगत बसणार?"

आयता. साठ पोरांना एकोणतीसचा पाढा पाठ करून घ्या एकदा, मग सांगा आयता कसा ते. पण सासऱ्यापुढं काय बोलणार? तो शब्द मात्र त्या दिवसापासनं माझ्या मागं लागला. मामांच्या प्रत्येक पत्रात तो असायचाच, कधी कधी दोनदा.

वाट काढली ती आमच्या हेडमास्तरांनी. ते धारवाडकडचे, कानडी माणूस. मराठी बोलताना फळा, घंटा, पाटी सगळ्यांना एकाच लिंगात बसवायचे. मला म्हणाले, "राजीनामा देऊ नका मास्तर. वर्षाचा बिनपगारी रजा घ्या. पुढचा दिवाळीला मी दोन कागद घेऊन येतो. एक हजर व्हायचा, एक राजीनामाचा. कुठला कागदावर सही करायचा ते तेव्हा बघा."

असा सगळा बेत ठरला. एका वर्षात बाजारात पाय रोवायचे, न्हायतर मान खाली घालून पुन्हा फळ्यापुढं उभं राहायचं. पण खरं सांगू? मला कागदांची तेवढी धास्ती न्हवती. सोना काय सांगणार, ह्याची होती.

* * *

बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत. अण्णाप्पांनी हे मला आधीच सांगितलं होतं. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, तळहातावर रेघ ओढली की अर्धा. आणि दोघांना पटलं की अख्खा पंजा गच्च आवळायचा, सौदा पक्का. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळता कामा नये.

पहिल्याच दिवशी एका शेतकऱ्यानं रुमालाखाली माझी बोटं दाबली. मी मनात बेरीज केली, बरोबर जुळली, आणि वर्गात पोरगं बरोबर उत्तर देतं तेव्हा करायचो तेच केलं. खणखणीत आवाजात म्हटलं, "साडेअकरा! शाबास!"

अख्ख्या वखारीतली बोलणी थांबली. पलीकडच्या तीन रुमालांखालचे सहा हात जागच्या जागी राहिले. त्या शेतकऱ्याच्या भावानं तसलाच माल आदल्या दिवशी कमीनं दिला होता, आणि तो भाऊ दारातच उभा होता. अण्णाप्पा लांबनं हळूहळू चालत आले.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्यो पाढा न्हवं. तुमी सांगायचं आन् वर्गानं मागनं म्हणायचं, असं नसतंय हितं."

दुसरी अडचण अशी, की मला गुदगुल्या होतात. तळहातावर रेघ ओढली की हसू आवरत न्हाय. एका म्हाताऱ्यानं भाव सांगून रेघ ओढली, मी फिस्सकन हसलो. म्हातारा ओशाळला. "लई सांगितला व्हय? बरं, थोडा उतरतो," म्हणून त्यानं पुन्हा रेघ ओढली. मी पुन्हा हसलो. तो आणखी उतरला. मी घाईघाईनं हात काढून घेतला आणि त्याचा पहिला भाव त्याच्या कानात सांगून टाकला. एवढ्याशा गुदगुलीवर कुणाचा घास मारायचा म्हणजे काय?

अण्णाप्पा म्हणाले, "हसायचं थांबवा, न्हायतर धंद्याचा तमाशा व्हईल." मग मी शिकवणी लावली. घरातच. भाकऱ्या झाकायच्या फडक्याखाली सोना माझ्या हातावर भाव टाकायची आणि मी चेहरा न हलवता ओळखायचा. पहिल्या दिवशी मी दहादा हसलो, तिसऱ्या दिवशी एकदा. पाचव्या दिवशी तिनं मला त्याच फडक्याखाली वांग्याच्या सौद्यात पुरतं फसवलं, आणि चेहऱ्यावरची माशी उडू दिली न्हाय.

"तुमचा हात लई बडबड्या हाय," ती म्हणाली. "जरा गप बसवा त्याला."

* * *

बाजारात पहिली तारीख नसते. सगळ्या तारखा सारख्याच. हे डोक्याला कळलं होतं, पायांना कळलं न्हवतं.

एका सकाळी मी अंघोळ केली, धोतर नेसलो, टोपी घातली, छत्री घेतली आणि निघालो. भानावर आलो तेव्हा शाळेत, पगाराच्या टेबलापुढं, चौथीच्या मास्तरांच्या मागं रांगेत उभा होतो. माझी पाळी आली. हेडमास्तरांनी चष्म्यावरनं वर बघितलं.

"मास्तर, तुमचा नाव ह्यात न्हाई."

"व्हय," मी म्हटलं. "मी न्हाय आलो. पाय आलेत."

त्यांनी दौत बंद केली आणि शांतपणे विचारलं, "पायाला चहा चालतो काय?"

चहा झाला. तिसरीचे मास्तर आले न्हवते, म्हणून एक तास पाढेही घेतले. निघताना पोरं एका सुरात 'नमस्ते गुरुजी' म्हणाली. सांगायला लाज कसली, त्या दिवशी वखारीकडं पाऊल उचलत न्हवतं. मी रस्त्यात उभा राहिलो, इकडं शाळा, तिकडं वखार, आणि मधी मी छत्री उघडून. ऊन न्हवतं, पाऊस न्हवता.

घरी सोनानं विचारलं, "कुठं गेलता?"

"सवय मोडायला."

"मोडली?"

"चहा झाला," मी म्हटलं. तिनं माझ्या हातातली छत्री घेऊन खुंटीला लावली. तिचं ते न बोलणं मला मामांच्या पत्रांपेक्षा जड जायचं.

* * *

संक्रांतीनंतर नवा माल यायला लागला. अण्णाप्पा म्हणाले, आता तुमचा तुमी एक सौदा करा. चिकोडीकडच्या एका खेड्यातला बसाप्पा आलता. चार बोद घेऊन. बोद म्हणजे तंबाखूचं भलं मोठं पोतं, माणूस मागं उभा राहिला तर दिसत न्हाय. मी वास घेतला, पान चोळून बघितलं, रुमाल टाकला. बोटं बोलली. मी हसलो न्हाय. त्यानं पंजा आवळला, मी आवळला. माझा पहिला सौदा. ऊर नुसता भरून आलता.

बसाप्पानं रुमाल उचलला, माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "आयतु."

माझं टाळकंच सरकलं.

"आयतं? कुणाला आयतं?" मी उभाच राहिलो. "अकरा वर्षं घसा फोडला, ते आयतं! आता दिवसभर भुगा खातोय, तेबी आयतंच? तुम्हाला काय आमच्या सासऱ्यांनी पाठवलंय काय? उचला तुमचे बोद!"

बसाप्पानं बोदांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि लहान पोराची समजूत काढावी तसं हळू म्हणाला, "आयतु री, आयतु."

"परत तेच!"

अण्णाप्पा धोतर सावरत पळत आले. "मास्तर, अवं मास्तर! त्यो कानडीत बोलतोय. आयतु म्हंजे झालं. सौदा झाला, पक्का झाला, आता खुद्द देव आला तरी मोडत न्हाय. कुनी आतु म्हणतंय, कुनी आयतु. तुमच्या सासऱ्याचा त्यात कायबी संबंध न्हाय."

मी खाली बसलो. बसाप्पानं अण्णाप्पांना कानडीत काहीतरी विचारलं. मी म्हटलं, काय म्हणतोय?

"विचारतोय, झालं म्हटल्यावर मास्तरला राग का आला? आनि काय करायचं ऱ्हायलंय काय?"

घरी येऊन हे सांगितलं तर सोना हसता हसता चुलीपुढनं मागं कलंडली. किती महिन्यांनी हसली असेल. "कसं म्हणला त्यो? परत म्हणा." मी 'आयतु री, आयतु' करून दाखवलं. तिनं पण एकदा म्हणून बघितलं. तोवर भाकरी करपली, आणि ती माझ्या ताटात आली.

* * *

आता माझ्या गाढवपणाचं सांगतो.

शाळेतनं निघताना अंगरख्याच्या खिशात एक खडू तसाच राहिला होता. वखारीत बोदांची गर्दी झाली की कुठला माल कसा ते ध्यानात राहत न्हवतं. मी सवयीनं खडू काढला आणि प्रत्येक बोदावर शेरा मारत गेलो. एकावर 'उत्तम'. एकावर 'बरा'. एकावर 'प्रगती हवी'. आणि कोपऱ्यातल्या एका बोदात काड्या आणि माती निघाली, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नापास'.

तो बोद सदलग्याच्या तातोबाचा होता. तातोबाला वाचता येत होतं हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण त्याचा पोरगा माझ्याच वर्गात होता. निपाणीत आजोळी राहून शिकायचा. तातोबा त्या अक्षरांपुढं उभा राहिला. एकदा वाचलं, दोनदा वाचलं.

"मास्तर," तो म्हणाला, "पोरगं नापास केलंसा, मी गप बसलो. आता तंबाखूबी?"

आणि बोद गाडीत घालून तो निघून गेला. त्याच्या मागनं सदलग्याच्या आणखी चार गाड्या गेल्या. आठवड्यात त्या सगळ्या पट्ट्यात बातमी पसरली, की अण्णाप्पांच्या वखारीत मास्तर बसलाय, चारचौघांत माणसाची अब्रू काढतोय. ऐन हंगामात माझ्यापुढं कुणी रुमाल टाकेना. अण्णाप्पा चांगला माणूस, तोंडानं काही बोलले न्हाईत, पण दोन्ही भाषांत गप्प झाले. मला वाटलं, संपलं. दिवाळी लांब हाय, पण सही कुठल्या कागदावर होणार ते आजच कळलं.

संध्याकाळी सोनाला सांगितलं. तिनं विचारलं, "कशात नापास ते त्याला सांगितलंसा?"

"न्हाय."

"शाळेत पोराला तरी सांगत होता, भागाकार कच्चा हाय म्हणून. तातोबाला नुसताच शेरा?"

दुसऱ्या दिवशी पहाटे बैलगाडीनं सदलगा गाठलं. तातोबा खळ्यावर होता. मी टोपी काढली, चूक झाली म्हटलं, आणि खाली बसून त्याला दाखवलं: पान कुठं मोडतंय, काडी कशी शिरती, माती कुठनं येती. तो खळं झाडत राहिला. चहा दिला, तो पण त्याच्या बायकोनं.

पंधरा दिवसांनी वखारीच्या दारात गाडी थांबली. तातोबानं एकट्यानं बोद खाली ओढला, तोंड सोडलं आणि हात जोडून म्हणाला, "मास्तर, फेरपरीक्षा घ्या."

मी मूठ घातली. एक काडी न्हाय, मातीचा कण न्हाय, वास असा की खडूच्या नाकालाही पाणी सुटावं. मी खडू काढला. 'पहिला वर्ग' लिहिलं. तातोबानं तो बोद दिवसभर वखारीच्या दारातच ठेवायला लावला, अक्षरं रस्त्याकडं करून.

तेव्हापासनं हंगाम संपेपर्यंत माझ्यापुढं रांग. शेतकरी भाव नंतर विचारायचे, आधी विचारायचे, "मास्तर, मार्क किती?" एकानं तर कमी मार्क पडले म्हणून शेजाऱ्याचा पेपर दाखवा म्हटलं.

आणि तातोबाचा पोरगा? त्या वर्षी पास झाला. तातोबा म्हणाला, "तंबाखू चाळताना बसवला व्हता शेजारी. कट्टाळून अभ्यासाला लागला."

* * *

वळवाचे ढग यायच्या सुमाराला मामा आले. जावई काय उद्योग करतो ते डोळ्यांनी बघणार म्हणाले. कडक इस्त्रीचा कोट, पगडी, हातात काठी. वखारीत माझ्या शेजारी बैठकीवर बसवलं.

मामांचा शकुनावर भारी विश्वास. कुणी शिंकलं की काम तिथंच थांबवायचं, पाणी प्यायचं, मग पुढं. दरबारात असताना एका शिंकेपायी त्यांनी दिवसभर एक कागद पुढं सरकवला न्हवता म्हणे. अशा माणसाला आम्ही तंबाखूच्या वखारीत बसवलं.

तेवढ्यात बसाप्पानं एक बोद उघडला. मामांनी अशी शिंक दिली की पगडी पुढं आली. बसाप्पाचा चेहरा फुलला. बाजारात शिंक म्हणजे मालाची पावती. जेवढी मोठी शिंक, तेवढा कडक माल. पण मामा उठून उभे राहिले. "अपशकुन! सौदा थांबवा. पाणी आणा."

पाणी येईपर्यंत दुसरी आली. मग तिसरी, चौथी. एकेका शिंकेला बसाप्पा रुमालाखाली माझं एकेक बोट वाढवत होता.

"पावनं मोठं जाणकार दिसत्यात," आजूबाजूचे शेतकरी म्हणायला लागले. कुणीतरी पुढं होऊन आपली मूठ मामांच्या नाकाखाली धरली. मामा शिंकले. त्याच्यामागं दुसरा आला. बघता बघता मामांपुढं माझ्यापेक्षा लांब रांग. शेजारच्या वखारीचा मालक येऊन अण्णाप्पांना म्हणाला, पावण्यांना तासभर आमच्याकडं पाठवता काय?

मामा लालबुंद. पगडी काखेत, कोटावर भुगा, डोळ्यांना पाणी. "तीस वर्षं दरबारची चाकरी केली मी," ते कसेबसे म्हणाले. "शिंकायला आलो न्हाय हितं!"

अण्णाप्पांनी अदबीनं हात जोडले. "अवं मामा, तुमी नुसतं बसा. हितं तुम्हाला आयतंच सगळं मिळंल."

त्याच संध्याकाळच्या मोटारीनं मामा परत गेले. पुढच्या पत्रात मजकूर एकाच ओळीचा होता: दिवाळीला येतो आणि माझ्या समोर हजेरीच्या कागदावर सही झाली पाहिजे.

* * *

दिवाळी आली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोप्यात आम्ही तिघं बसलो होतो. एका बाजूला मामा, पगडी नीट बसवून. समोर हेडमास्तर. मधी मी. हेडमास्तरांनी दोन कागद काढून जाजमावर ठेवले. डाव्या हाताला हजर होण्याचा, उजव्या हाताला राजीनाम्याचा. शेजारी दौत-टाक ठेवला आणि म्हणाले, "वर्ष झाला मास्तर."

हंगाम चांगला गेलता. अण्णाप्पा म्हणत होते, पुढच्या साली वखारीच्या पाटीवर दोघांची नावं घालू. माझं मन कधीच ठरलं होतं. पण घरात अजून एक शब्द यायचा राहिला होता. पाडव्यादिवशी ओवाळताना मी सोनाला विचारलं होतं, वरीस झालं, काय सांगणार होतीस? तर म्हणाली, "कागद येऊ द्या की." आणि आता वडील आणि परका माणूस सोप्यात बसलेला, ती बाहेर येऊन बोलायची कशी? त्या काळी लेकी बापापुढं नवऱ्याशी बोलत न्हवत्या.

"घ्या टाक," मामा म्हणाले. "हौस झाली, वरीस झालं. आता हजर व्हा. आयता पगार हाय, आयती पेन्शन हाय. माझ्या लेकीला दुसरं काय पायजे?"

मी टाक उचलला. दौतीत बुडवला. आणि तसाच धरून बसलो. आतल्या दाराकडं बघितलं, तिथं नुसता पडदा. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला ती पडद्याआडनं 'व्हा हजर' म्हणाली असती तर मी झालो असतो. वर्षभर तिनं करपलेल्या भाकरीपासनं सदलग्याच्या गाडीपर्यंत सगळं निभावलं होतं, आणि तिला काय हवं ते मी एकदाही ओळखलं न्हवतं. अकरा वर्षांचा मास्तर मी, पण ह्या एका प्रश्नाला माझी पाटी कोरी होती.

पडदा हलला. सोना पानसुपारीचं तबक घेऊन आली, वर रुमाल झाकलेला. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, नजर खाली. वडलांपुढं न्हाय, हेडमास्तरांपुढं न्हाय, तबक तिनं माझ्यापुढं ठेवलं. पण रुमाल काढला न्हाय.

मी टाक खाली ठेवला आणि सुपारी घ्यायला रुमालाखाली हात घातला.

तिथं सुपारीच्या आधी तिचा हात होता. तिनं माझा अख्खा पंजा गच्च आवळला, बांगड्या वाजू न देता, आणि जाजमाकडं बघत एकच शब्द म्हणाली.

"आयतु."

"ऐकलंसा?" मामांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंसा जावईबापू? माझी लेक हाय ती! तिलाबी आयतंच बरं वाटतंय!"

सोना तोवर आत गेलेली. हेडमास्तर पडले कानडी माणूस, त्यांनी हलत्या पडद्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. चष्मा काढला, उपरण्याला पुसला, पुन्हा लावला. मग मामा तबकातली सुपारी निवडत होते तेवढ्यात डाव्या हाताचा कागद उचलला, त्याची चौघडी केली आणि खिशात घातली. राहिलेला कागद माझ्याकडं सरकवला.

मी सही केली. पोरांना कित्त्यावर गिरवायला देतो तशी, ठळक.

"झाली न्हवं सही?" मामांनी समाधानानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

हेडमास्तर वाळू टाकून शाई टिपत होते. मान वर न करता म्हणाले, "आयतु, मामा. आयतु."

"तेच तर," मामा म्हणाले, "वरीसभर मी दुसरं काय सांगतोय?"